फिरंगेची अस्सलबरहुकूम नक्कल

१. जुन्या कागदांच्या संग्राहकांस नक्कल ही वस्तु अपरिचित नाहीं, आणि तिच्याविषयीं त्यांच्या मनांत तिरस्कारहि नसतो. अस्सल सनद घराण्याच्या एका शाखेकडे राहिली व दुसऱ्या शाखेस तिचें काम पडलें, म्हणजे तिची नक्कल होई. नकलेच्या माथ्यावर 'नक्कल' हा शब्द पडे. ताडून पाहिलेली असल्यास ती 'अस्सलबरहुकूम' म्हटली जाई. अशा कागदानें कोणाची फसवणूक होत नसे, आणि अस्सल पुढें वाळवीनें खाल्लें तर तीच नक्कल इतिहासाचें साधन ठरे. शस्त्रांच्या बाबतींत मात्र ही शिस्त आपल्याकडे रुजलेली नाहीं. तरवारीच्या नकला आज पुष्कळ होतात, परंतु त्यांच्या माथ्यावर तो एक शब्द लिहिण्यास घडविणारा तयार नसतो व घेणाराहि नसतो. याचा परिणाम काय होतो, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून वाचकांच्या निदर्शनास आणण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. निमित्त असें घडलें. नाशिक जिल्ह्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं खंडेनवमीस पूजेंत मांडली जाणारी एक जुनी फिरंग आहे. दोघां बंधूंच्या वांटण्या झाल्या. शेत वांटतां येतें, भांडीं वांटतां येतात. तरवार वांटतां येत नाहीं. ती वडील बंधूंकडे राहिली, आणि धाकट्या बंधूंनीं तिच्याबरहुकूम दुसरी घडवून घेण्याचें ठरविलें. मापें व छायाचित्रें घेऊन देण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें. घडणीचें काम परगांवच्या एका कारखान्याकडे सोंपविलें. चार महिन्यांनीं तरवार तयार होऊन आली. तिचें परीक्षण पुढें केलें आहे. कारखान्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं, कारण हे दोष एका कारखान्याचे नसून मागणाऱ्यांच्या व घडविणाऱ्यांच्या सवयीचे आहेत. आणि त्यांतील दोन दोष, पुढें दिसेल त्याप्रमाणें, लेखकाच्याहि पदरीं पडतात.

३. परीक्षणापूर्वीं फिरंग म्हणजे काय तें स्पष्ट केलें पाहिजे. नांवावरूनच कळतें कीं, हिचें पातें फिरंग्यांच्या मुलखांतील, म्हणजे युरोपांतील. तें सरळ, लांब व बहुधा एकधारी असे. सोळाव्या व सतराव्या शतकांत अशीं पातीं पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दक्षिणेंत येत, आणि त्यांना मूठ इकडे बसविली जाई. मूठ बसविण्याची रीतहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुठीच्या पोकळींत राळेचा व लाखेचा वितळलेला मसाला भरीत आणि पात्याचा मागचा निमुळता भाग त्यांत दाबून बसवीत. मूठ तापविली कीं मसाला सैल होऊन पातें निघे. यामुळें जुन्या पात्यास नवी मूठ, किंवा जुन्या मुठींत नवें पातें, हा व्यवहार सहज होत असे. तात्पर्य, तरवार एक असली तरी तिच्यांत काळ दोन असूं शकतात. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर, मूळ संहिता एका हाताची व टीका दुसऱ्या हाताची, असा हा प्रकार आहे.

४. याचीं दोन सुप्रसिद्ध उदाहरणें आहेत. १८७५-७६ सालीं इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला असतां करवीरच्या छत्रपतींकडून त्यास जी तरवार नजर झाली, ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आहे. आपल्याकडे 'जगदंबा' या नांवानें ती ओळखली जाते. तिचें पातें युरोपीय असून त्यावर आय-एच-एस हीं ख्रिस्ती नाममुद्रेचीं अक्षरें उमटविलेलीं आहेत. दुसरें उदाहरण ताजें आहे. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथील लिलांवांत नागपूरकर भोसल्यांची एक फिरंग निघाली, ती महाराष्ट्र शासनानें मिळविली, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस पोंचली. तिचेंहि पातें युरोपीय व एकधारी आहे. पाठीवर, मुठीच्या बाजूस, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजी भोसले यांचें नांव, 'सेनासाहेब सुभा' ही पदवी, आणि 'फिरंग' हा शब्द आहे. शस्त्रानें आपली जात स्वतःच सांगावी, असा हा दुर्मिळ योग होय.

५. या भोसले-फिरंगेचा नाशिक जिल्ह्याशीं एक संबंध आहे, तो सहसा ध्यानांत येत नाहीं. तिची मूठ मुल्हेरी घाटाची आहे व तीवर सोन्याची कोफ्तगरी केलेली आहे. मुल्हेर हें बागलाणांतील मोसम नदीकांठचें गांव. वर मुल्हेरचा किल्ला. बागुल राजांची ही राजधानी १६३८ च्या सुमारास मोगलांच्या हातीं गेली, आणि पुढें शिवकालांत साल्हेर-मुल्हेरचा टापू मराठ्यांच्या युद्धांत गाजला. तरवारींच्या मुठींस या गांवाचें नांव चिकटलें आणि तें आजतागायत शस्त्रसंग्राहकांच्या तोंडीं आहे. राजधानी गेली, मुठीचें नांव राहिलें. आमच्या स्नेह्यांच्या तरवारीची मूठहि घरांत मुल्हेरीच म्हटली जाते. परंतु 'मुल्हेरी' हें घाटाचें नांव आहे, मोजमापाचें नव्हे. एवढाच शब्द कारखानदारास सांगितला तर तो आपल्या सांच्यांतील कोणतीहि मूठ त्या नांवानें देतो. नक्कल करावयाची ती घाटाची नव्हे, समोरच्या एका विशिष्ट मुठीची.

६. आतां आलेल्या नकलेकडे वळूं. प्रथम पातें. लांबी व रुंदी बरोबर उतरली आहे. छायाचित्रें शेजारीं ठेवलीं तर दोहोंत भेद करणें कठीण. परंतु अस्सलाचें पातें मुठीपाशीं ६ मिलिमीटर जाड असून उतरत उतरत अणीपाशीं २ मिलिमीटरांवर येतें. नकलेचें पातें जवळजवळ टोंकापर्यंत ५ मिलिमीटर आहे. कारण उघड आहे. पातें तापवून, ठोकून उतरतें केलेलें नाहीं. बाजारांतील पोलादी पट्टी आणून यंत्रावर घासून तिला आकार दिला आहे. परिणामीं अस्सलाचें वजन १ किलो २४० ग्रॅम, तर नकलेचें १ किलो ९६० ग्रॅम झालें. अस्सलाचा तोल मुठीपुढें चार बोटांवर सांपडतो, नकलेचा वीतभर पुढें. अस्सल मनगटानें फिरविली जाते; नक्कल मनगटासच ओढते. येथें पहिला दोष लेखकाचा. मीं लांबी-रुंदीचें टिपण दिलें. जाडी एकाच ठिकाणीं मोजली आणि वजन दिलेंच नाहीं. ज्यानें रेखाच दिली त्यास रेखाच मिळणार. शिवाय जुनी तरवार म्हणजे अवजड, ही लोकांची समजूत कारखानदाराच्या पथ्यावर पडते. नवें गिऱ्हाईक तरवार उचलतांच तिच्या वजनावर खूष होतें. पण लढणाऱ्यास दिवसभर वागवावयाचें हत्यार दोन किलोंचें कां असावें, हा साधा प्रश्न त्यास सुचत नाहीं.

७. दुसरी गोष्ट मुठीची. अस्सलांत धरण्याची जागा आंखूड आहे. कारखानदारानें ती बोटभर वाढविली आणि 'हातास सोयीची केली' असें कळविलें. जुन्या माणसांचे हात लहान होते, असा निष्कर्ष अशा मुठींवरून पुष्कळ लोक काढतात. तो बरोबर नाहीं. चार बोटें आंत घट्ट बसावीं, हात मागेंपुढें सरकूं नये, यासाठीं ती जागा बेतलेली असते. आंत गादी व वर कापड येई, हेंहि हिशेबांत धरलें पाहिजे. भोसले-फिरंगेच्या मुठीवर हिरवें कापड गुंडाळलेलें आहे, तें याच कारणानें. मुठीच्या मागच्या टोंकास जी लांब दांडी असते ती शोभेची नव्हे. दोन्ही हातांनीं वार करावयाचा झाल्यास दुसरा हात तेथें पडतो. नकलेंत ही दांडी दोन बोटांची ठेवली आहे, म्हणजे तिचें कामच नाहींसें झालें. आणि सर्वांत वाईट म्हणजे, मूठ व पातें यांचा सांधा मसाल्यानें न भरतां वितळजोड देऊन कायमचा केला आहे. ज्या रचनेमुळें फिरंगेचा सारा इतिहास घडला, म्हणजे पातें काढतां-घालतां येणें, तीच रचना नकलेंत राहिली नाहीं.

८. हे दोष हस्तकौशल्याचे आहेत. ते सुधारतां येतात. तिसरा दोष मात्र सत्याचा आहे. अस्सल तरवारीवर एकहि अक्षर नाहीं. नकलेवर मुठीजवळ आय-एच-एस हीं अक्षरें कोरून आलीं! विचारणा करतां उत्तर मिळालें कीं, लंडनच्या तरवारीवर तीं आहेत, शोभा येते, व त्याचा आकार वेगळा लावलेला नाहीं. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या घरास छत्रपतींच्या तरवारीशीं एक खोटा संबंध फुकट जोडून मिळाला. ही मुद्रा युरोपीय पात्यांवर अनेक ठिकाणीं आढळते. ती असल्यानें पातें कोणा एका पुरुषाचें ठरत नाहीं. परंतु आजचें कोरलेलें अक्षर पन्नास वर्षांनीं जुनें होतें, आणि मग त्यावर कुलवृत्तान्त रचले जातात.

९. अक्षर किती मोलाचें असतें, हें भोसले-फिरंगेवरूनच दाखवितां येईल. ती पहिल्या रघूजींची, असें लिलांवाच्या वेळीं व पुढें शासनाकडूनहि सांगण्यांत आलें आहे. परंतु नागपूरच्या घराण्यांत रघूजी नांवाचे तिघे पुरुष झाले, आणि सेनासाहेब सुभा ही पदवी पहिल्यापुरती नव्हती. तेव्हां नुसत्या नांवानें व पदवीनें निर्णय पुरा होत नाहीं. अक्षरांचें वळण, सोनें बसविण्याची तऱ्हा, मूठ व पातें यांच्या काळांचा मेळ, हीं साधनें तपासलीं पाहिजेत. आतां अशा तरवारीची नक्कल करतांना कारागिरानें तोच मजकूर आपल्या आजच्या वळणानें लिहिला, तर मजकूर राहील आणि पुरावा जाईल. उलट, ठसा घेऊन वळणहि हुबेहूब उतरविलें व नक्कल असल्याची खूण कोठेंच ठेविली नाहीं, तर ती वस्तु उद्यां बनावट म्हणून बाजारांत फिरेल. नक्कल जितकी उत्तम, तितकी खुणेची गरज अधिक, हा नियम यांतून निघतो. आमच्या करारांत खुणेचें कलमच नव्हतें. हा लेखकाचा दुसरा दोष.

१०. चौथा दोष जुनेपणाचा. नक्कल चकचकीत यावयास हवी होती. ती आली गंजलेली. पातें आम्लांत बुडवून त्यावर खड्डे पाडले होते, मुठीच्या खांचांत काळें भरलें होतें, आणि म्यानाचें कापड मुद्दाम विरविलें होतें. हें आम्हीं मागितलें नव्हतें. 'गिऱ्हाइकांस असेंच आवडतें' असा खुलासा आला. आवडतें कोणास, हें शोधावयास फार लांब जावें लागलें नाहीं. अगदीं याच सांच्याची, याच आंखूड दांडीची व याच अक्षरांची एक तरवार पुढें एका संग्राहकांच्या बैठकींत पेशवेकालीन म्हणून दृष्टीस पडली. त्यांनीं दिलेली किंमत येथें सांगत नाहीं. तीं आमच्या स्नेह्यांनीं दिलेल्या मजुरीच्या कित्येक पट होती. गृहस्थ जाणते होते, पोथ्यांच्या कागदावरून काळ सांगणारे होते. परंतु सांधा वितळजोडाचा आहे, हें त्यांनीं पाहिलें नव्हतें.

११. खोटें विधान वस्तूस एकदां चिकटलें कीं किती टिकतें, याचें प्रसिद्ध उदाहरण वाघनखांचें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास तीन वर्षांच्या मुदतीनें प्रदर्शनार्थ आलीं. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां तीं त्यास मिळालीं, असा त्यांच्या पेटीवरील लेख सांगतो. त्याच लेखांत शिवाजी महाराजांनीं मारलेल्या सरदारास मोगल सेनापति म्हटलें आहे. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हें शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. हीं वाघनखें महाराजांनीं वापरलेलीं होतीं, हें सिद्ध करतां येत नाहीं, असें खुद्द संग्रहालयानेंच नमूद केलें आहे. तरीहि पेटीवरचा लेख वस्तूबरोबर प्रवास करीतच आहे. मग ज्या नकलेवर मुळीं कांहींच लिहिलेलें नाहीं, तिच्यावर पुढचीं माणसें काय लिहितील याचा भरंवसा कोणी द्यावा?

१२. कारखान्यानें आणखी एक सूचना केली होती: थोडे अधिक पैसे दिल्यास पातें लहरींच्या 'दमास्कस' पोलादाचें करून देऊं. ती आम्हीं नाकारली, कारण आमच्या फिरंगेवर लहरी नाहींत. येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. आपल्याकडील जुन्या पोलादांतील पाण्यासारखी लहर मुशींत ओतलेल्या एकाच लगडींतून, धातूच्या घडणीमुळें, आपोआप उमटते. आजचे कारखाने देतात ती लहर निरनिराळ्या पोलादांचे थर जोडून व पिळून आणलेली असते. ही दुसरी रीत जेथें खरोखर शोभते त्या तरवारी आपल्या नव्हेत, इंग्लंडांतील प्राचीन अँग्लो-सॅक्सन लोकांच्या होत. आणि नक्कल कशी करावी याचा धडाहि तेथेंच मिळतो.

१३. १९३९ सालीं इंग्लंडच्या सफक परगण्यांत सटन हू येथें एका टेंकाडाखालीं सातव्या शतकाच्या आरंभींचें नौकादफन सांपडलें. त्यांतील तरवारीची मूठ सोन्याची व लाल रत्नांनीं जडविलेली होती, परंतु पातें म्यानासह गंजून एकजीव झालें होतें. म्यान न फोडतां क्ष-किरणांनीं पाहिलें तेव्हां लोखंडाच्या पिळलेल्या काड्या जोडून केलेली आंतली नक्षी दिसली. स्कॉट लँकटन या अमेरिकन लोहारानें त्या नक्षीवरून पात्याची नक्कल प्रत्यक्ष भट्टींत घडविली. अस्सल गंजाच्या गोळ्यासारखें राहिलें. तें मुळांत कसें झळकत असेल, हें नकलेनें दाखविलें. कोणता भाग पुराव्याचा व कोणता अनुमानाचा, हें तेथें लपविलेलें नाहीं. त्याच दफनांतील शिरस्त्राणाची गोष्ट याहून बोधक आहे. त्याचे शेंकडों तुकडे १९४५-४६ सालीं एकदां जोडले गेले. ती जोडणी चुकीची ठरून १९७०-७१ सालीं पुन्हा उकलून नव्यानें करावी लागली. अनुमान अस्सलावर केलें म्हणजे असा प्रसंग येतो. अनुमानाची जागा नकलेंत आहे. तेथें चूक झाली तर दुसरी नक्कल करतां येते.

१४. अस्सलास हात लागला म्हणजे काय गमावतें, हें नाशिककरांस इंग्लंडांतून शिकण्याचें कारण नाहीं. त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'नासक' हिरा १८१८ च्या युद्धानंतर कंपनीच्या हातीं पडून विलायतेस गेला. तेथें त्यास नवे पैलू पाडले. पुढें १९४० सालीं अमेरिकेंत पुन्हा पाडले, आणि तो ४३.३८ कॅरटांचा उरला. त्याचें पहिलें रूप आतां पाहावयास मिळणार नाहीं. जुन्या तरवारीस उजळा देणारे, मूठ बदलणारे, गंजाबरोबर अक्षरेंहि घासून टाकणारे आपले संग्राहक हेंच करीत असतात. ज्यांना झळाळी हवी त्यांनीं नक्कल करून घ्यावी, आणि अस्सल असेल तसें राहूं द्यावें.

१५. यावर एक आक्षेप आमच्या स्नेह्यांनींच घेतला, व तो हंसण्यासारखा नाहीं. ते म्हणाले, "देवापुढें मांडावयाच्या तरवारीवर 'नक्कल' असें कोरलें, तर पूजा कशाची करावी?" याचें उत्तर असें कीं, पूजा भावनेची होते, आणि भावना खोटेपणावर उभी राहण्याचें कारण नाहीं. दोन घरांत दोन तरवारी. दोघां बंधूंना आज कोणती जुनी हें ठाऊक आहे. त्यांच्या मुलांना ऐकून ठाऊक असेल. नातवंडांना ठाऊक असण्याचें साधन कोणतें? दोन शाखांकडे एकाच सनदेच्या दोन प्रति, आणि दोघेहि आपलीच अस्सल म्हणतात, असे तंटे आपण दफ्तरांत नित्य वाचतों. तोच तंटा आपण हातानें पेरावा काय?

१६. सबब, शस्त्राची नक्कल करवून घेणाऱ्यांनीं पुढील गोष्टी लेखी ठरवाव्या, असें सुचवावेंसें वाटतें. जाडी मुठीपासून अणीपर्यंत निदान पांच ठिकाणीं मोजावी. वजन व तोल द्यावा. मूठ काढतां येईल अशीच बसवावी. अस्सलावर नाहीं तें कांहीं घालूं नये. अस्सलावर लेख असल्यास ठशावरून उतरावा. कृत्रिम जुनेपण आणूं नये. जेथें अनुमान केलें तें स्वतंत्र कागदावर नोंदावें. धार लावूं नये. तरवार बाळगण्याविषयीं १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्याची जरुरी आहे कीं काय, तें आधींच विचारून घ्यावें. आणि शेवटीं, 'नक्कल' हा शब्द, घडविणाऱ्याचें नांव व साल हीं पात्यावर, सहज घासून जाणार नाहींत अशीं खोल कोरावीं. म्यानावर नव्हे, कारण म्यान बदलतें. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु पुरातन ठरते, हस्तलिखितास ७५ वर्षे पुरतात. आज न कोरलेली खूण त्या वेळीं कोण कोरणार?

१७. आमच्या नकलेपुरतें सांगावयाचें तर, पातें व मूठ आतां बदलतां येण्यासारखीं नाहींत. तो भुर्दंड सोसणें भाग आहे. परंतु आय-एच-एस हीं अक्षरें नाशकांतील एका कारागिराकडून घासून काढविलीं, व त्याच जागीं 'अस्सलबरहुकूम नक्कल' हे दोन शब्द व साल कोरून घेतलें. यांतील पहिला शब्द खरा नाहीं, असें धाकट्या बंधूंनींच लक्षांत आणून दिलें; ७२० ग्रॅमांचा फरक असतां बरहुकूम कसें म्हणावें? तेव्हां तो शब्द काढविला. आतां पात्यावर 'नक्कल' एवढेंच आहे, आणि गेल्या खंडेनवमीस ती तशीच पूजेंत मांडली गेली.